सम्राटला टाकीत कोणी पाठवलं?

१

चोर कपड्यांची घडी घालतो का? कायद्याच्या एकाही परीक्षेत मला हा प्रश्न आला नव्हता. तो विचारला सुमनकाकूनं, नगरच्या कोर्टाच्या आवारात, जिथं माझ्यासारखे बिनचेंबरचे वकील झाडाखाली टेबल टाकून अशिलांची वाट बघत असतात.

तिनं कापडी पिशवीतून पांढरा शर्ट काढला, मग पांढरी पँट. दोन्ही स्वच्छ. घडी अशी, की इस्त्रीवाल्यानं घालावी.

"पोलिसांनी दिली ही कापडं. टाकीवरच्या छपराखाली, कठड्यावर ठेवल्याली हुती म्हनं. बघ की जयू, घडी बघ. चोरी करायला गेल्यालं पोरगं आदी कापडं घडी करून ठेवतंय व्हय?"

सुमनकाकू आमच्या वस्तीतली. शेवगाव तालुक्यात आमचं गाव, गावाच्या कडेला आमची बौद्धवस्ती आणि वस्तीपासून बऱ्याच अंतरावर साखर कारखाना. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आणि कारखान्याच्या वकिलांना दुसरं काम नसतं.

सम्राट तिचा एकुलता एक. त्याच कारखान्यात हंगामी कामगार, दर वर्षी कायम होण्याच्या आशेवर लटकलेला. श्रावण पौर्णिमेला, राखीच्या सुट्टीत, बंद कारखान्यातल्या मळीच्या टाकीत तो मेलेला सापडला. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. पोलिसांचं म्हणणं असं, की पोरगा दारू पिऊन टाकीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरायला गेला आणि तोल जाऊन आत पडला. पेपरवाल्यांनी त्याहून पुढं जाऊन मथळ्यातच त्याला चोरटा करून टाकलं.

"मला भरपाई नगं, काय नगं," काकू म्हणाली. "माझं पोरगं चोर नव्हतं, एवढं त्येंच्या तोंडून वदवून दे. आन् त्याला तिथं कुनी पाठवलं, त्ये सांग. बास."

मी घडीवर हात ठेवला. तोल जाऊन पडणारा माणूस कपडे काढत नाही. वरच्या मोटारीची तार तोडायलाही कपडे काढावे लागत नाहीत. सम्राटनं ते काढले, म्हणजे तो टाकीत स्वतःच्या पायानं उतरला, काम करायला उतरला. आणि परत येऊन घालायचे असतात म्हणूनच माणूस कपड्यांची घडी घालतो. हे शेवटचं मी काकूला बोलले नाही.

"आनि एक," ती पिशवी आवरताना म्हणाली. "त्याची फटफटी विहारापुढं हाय अजून, त्यानं लावली तशी. मंग त्यो कारखान्यात गेला कशावर?"

२

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला लगेच चहा पाजला. ज्या ठाण्यात चहा लवकर येतो तिथं उत्तर येत नाही, असा माझा अनुभव आहे.

"पायी गेला असेल, मॅडम. दारुड्याचं काय सांगता? अंगाला भक्क वास येत होता. पंचांनी सांगितलंय."

"रक्ताचा अहवाल आला?"

"येईल तेव्हा येईल. अहो, चेअरमनसाहेब स्वतः इथं येऊन गेले. फार हळहळले."

चेअरमन काकासाहेबांना भेटायला आमदार ताटकळत बसतात. तो माणूस एका हंगामी पोरासाठी, आणि तेही चोर ठरलेल्या पोरासाठी, ठाण्याची पायरी चढून हळहळून आला. हे ऐकून मला साहेबांचा चहा जाईना.

कारखान्याचं फाटक मात्र माझ्यासाठी चटकन उघडलं. वकिलीमुळे नव्हे, मी सहादू गुरुजींची मुलगी म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वस्तीत ते बौद्धाचार्य, विहारातली वंदना त्यांच्याच मागून म्हणायची असते. शिवाय कारखान्याच्या संचालक मंडळात राखीव जागेवरचे संचालक. वस्तीतला पहिला माणूस, जो चेअरमनच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आमच्या लोकांना त्याचा केवढा अभिमान! मला तर काकणभर जास्तच.

फाटकावर अजिनाथ नावाचा रखवालदार होता. त्याचा जबाब पोलिसांनी घेतलेला.

"पायीच आला की ताई. झुलत झुलत. मी हटकला, तर ऐकंना."

"पाऊस होता त्या दिवशी?"

"लई. सकाळपासून झड लागल्याली."

"आणि रस्ता?"

"रस्ता कसला, नुसता राडा."

"मग अजिनाथभाऊ, पांढरी पँट घालून एवढ्या राड्यातून झुलत आलेल्या माणसाच्या पँटला एक शिंतोडा कसा नाही? मी ती पँट कालच हातात घेऊन बघितली."

त्यानं टोपी काढली, परत घातली. "मी रखवालदार हाय, ताई. मला जे सांगा म्हनले, त्ये मी सांगितलं." मग तो फाटकाकडं तोंड करून उभा राहिला आणि पुन्हा वळला नाही.

म्हणजे सम्राटला कोणीतरी गाडीत घालून आणला होता.

मी टाकीकडं गेले. ती भलीमोठी लोखंडी टाकी धुवायचं काम आता जोरात चाललं होतं. हवा आत सोडणारा मोठा पंखा घरघरत होता, कामगारांच्या तोंडाला मुखवटे होते. पोरगं मेल्यावर सगळ्या सोयी आल्या. खालच्या तोंडातून निघणारं काळं पाणी उसळलं आणि माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. आंबलेल्या वासानं डोकं गरगरलं.

तशीच मी शेवगावच्या एसटीत बसले. शेजारची बाई नाक मुरडून उठून गेली. कंडक्टरनं तिकीट देताना मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "बाई, दिवसाढवळ्या? चांगल्या घरच्या दिसता."

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. क्षणभर राग आला, आणि दुसऱ्या क्षणी मी त्या भल्या माणसाला मनातल्या मनात दंडवत घातला. साडीला नुसते शिंतोडे उडालेल्या बाईला एसटीत दारुडी ठरवतात, तर अख्खा त्या मळीत बुडालेल्या सम्राटच्या अंगाला दुसरा कुठला वास येणार होता?

दारू गेली. चोरी गेली. आता राहिला तो, ज्यानं त्याला गाडीतून आणला.

३

मळीच्या टाकीचा सुपरवायझर हनुमंत शेवगावात राहायचा. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस, पण माझ्याशी बोलताना भिंतीला टेकूनच उभा होता.

"मी त्या दिवशी कारखान्यात नव्हतोच. बहिनीकडं गेल्तो पाथर्डीला, राखीला. दिवसभर तिथंच हुतो."

त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मला त्याच्या मनगटावरची राखी दिसली. कधीकाळी लाल असावी, कडेला जर असावी. आता ती काळी ठिक्कर होती, वाळून कडक झालेली.

"राखी कधी बांधली बहिणीनं?"

"सकाळीच की. गेल्या गेल्या."

"पाथर्डीला?"

"व्हय."

"आणि मग दिवसभर तिथंच होतात. मग हनुमंतभाऊ, या राखीला मळी कुठून लागली?"

त्यानं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. ते झाकणंच कबुलीजबाब होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं तोडून चुलीत टाकली असती. पण बहिणीची राखी आपण होऊन तोडायची नसते, ती आपसूक गळून पडेपर्यंत ठेवायची असते.

"लई घासली," तो खाली बसत म्हणाला. "काळं जाईना. तोडू कशी ताई? बहिनीचा हात हाय त्यो."

मग तो बोलला. बोलत सुटला म्हणते, कारण तोपर्यंत त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला वरचे साहेब यायचे होते आणि टाकीचं खालचं तोंड गाळानं तुंबलेलं. पंखा बिघडलेला. ठेकेदाराची माणसं राखीला घरी गेलेली. चेअरमननी हनुमंतला बहिणीच्या ताटावरून बोलावून घेतलं आणि म्हणाले, आत उतर.

"मी न्हाई म्हनलो. पंख्याबिगर न्हाई. आमी जुनी मानसं, आत काय असतंय आमाला ठावं हाय. आत हवाच नसती, ताई. मानूस खाली वाकला का उठत न्हाई. मंग चेअरमननी कुनाला तरी फोन लावला. जीप पाठवली. जीप तुमच्या वस्तीकडं गेली आन् सम्राटला घिऊन आली."

"मग?"

"पोरगं हसतच आलं. टाकीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. कापडं काढली, घडी घातली. मला म्हनलं, हनुमंतभाऊ, आज पौर्निमा हाय, पांढरं हाय, मळीचा हात लावू नका." हनुमंतचा आवाज फाटला. "उतरला. खाली वाकला आन् गुडघ्यावरच आला. मी पालथा पडून हात घातला. त्याचा हात आला माझ्या हातात. धरला हुता मी, ताई. पर मळीचा हात, निसटला."

"चेअरमन कुठं होते?"

"जीपमधी. पाऊस हुता ना."

त्याची बायको दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. तिलाही हे आजच कळत होतं.

"पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कुनाला सांगू? काय बोलायचं ते फौजदारांनीच तर शिकवलं."

"फोन कोणाला लावला होता चेअरमननी?"

"नाव न्हाई घेतलं. पर बोलनं ऐकू आलं." त्यानं आठवून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं सांगितलं. "म्हनले, तुमच्या शब्दाबाहेर जानार न्हाई असं एक पोरगं द्या."

४

सम्राट कोणाच्या शब्दाबाहेर नव्हता? आईच्या होता, सगळीच पोरं असतात. मित्रांच्या तर होताच. मी वस्तीत गेले आणि विहाराच्या ओट्यावर काकूजवळ बसून त्या सकाळचं सगळं पहिल्यापासून विचारलं.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या उपासनेचे दिवस. श्रावण पौर्णिमेला सकाळी वंदनेला वस्ती जमलेली, सगळे पांढऱ्या कपड्यांत. सम्राटनं त्या दिवशी अष्टशील घेतलं होतं, म्हणजे दुपारनंतर जेवायचं नाही, दिवसभर नेम पाळायचा. आत येताना सगळ्यांचे मोबाईल दाराशी पत्र्याच्या डब्यात ठेवतात. सम्राटचाही होता. नंतर काकूनंच तो उचलून घरी नेला.

"मोबाईल हितं, मंग त्याला फोन आला कसा?" काकू म्हणाली. "वंदना झाली, ध्यानाला बसलो. गुरुजींनी घंटी वाजवली, डोळं उघडलं, तर पोरगं जाग्यावर न्हाई. माझ्या मागंच बसलं हुतं, दारापाशी."

"कोणाची हाक? पावलं? ओल्या बुटांचा आवाज?"

"काय न्हाई. आसं शांत हुतं, का पागोळ्या आयकू येत हुत्या."

म्हणजे जीपचा ड्रायव्हर आत आला नव्हता. आणि आला असता तरी नेम धरलेलं पोरगं ध्यानातून ड्रायव्हरच्या हाकेवर उठलं नसतं. खुद्द चेअरमनच्याही नसतं.

घरी आईनं पिठलं-भाकरी वाढली. आबा समोर चष्मा पुसत बसले होते. सम्राट गेल्यापासून ते फार बोलत नाहीत, असं आई म्हणाली. मी सहज म्हणून विचारलं, अगदी सहज, कारण मला तेव्हा खरंच काही सुचलेलं नव्हतं.

"आबा, ध्यानाच्या वेळी कोणी आलं होतं का विहारात?"

"मला काय दिसणार? ध्यान चाललं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझेही."

लहानपणी मी ध्यानात चोरून डोळे उघडायचे. एकदा बघितलं, तर सगळी वस्ती डोळे मिटून बसलेली आणि आबा एकटे टक्क उघड्या डोळ्यांनी आमच्याकडं बघत होते. घरी येऊन मी भांडले, की तुम्ही का नाही मिटत? आबा हसले होते. घंटी कोणी वाजवायची मग, घड्याळ कोणी बघायचं? आणि म्हणाले होते, "कोणीतरी उघडे ठेवावे लागतात, बाळा. म्हणून तर बाकीच्यांना निर्धास्त मिटता येतात."

ध्यान घेणारा डोळे मिटत नाही. त्याचा मोबाईल डब्यात जात नाही, कारण वेळ तो त्याच्यावर बघतो. आणि ज्यानं शील दिलं, त्याच्या नुसत्या स्पर्शावर शील घेणारा मुकाट्यानं उठतो.

आई विचारत होती, भाकरी वाढू का. मी ताट तसंच ठेवून हात धुवायला उठले.

५

सकाळी आबा विहार झाडत होते. मी केरसुणी त्यांच्या हातातून घेतली आणि एकामागून एक सगळं सांगितलं. कपड्यांची घडी, पँट, राखी, चेअरमनचे शब्द. कोर्टात मांडते तसं मांडलं, कारण तसं मांडलं नसतं तर मी मध्येच रडले असते.

"आबा, तुमचे डोळे उघडे होते."

"हो," ते म्हणाले. "खिशात फोन थरथरला. मागच्या दारानं बाहेर जाऊन घेतला. चेअरमन म्हणाले, थोडं टाकीचं काम आहे, तासाभराचं. मला सम्राट आठवला. वाटलं, सुट्टीच्या दिवशी धावून गेला तर त्यांच्या डोळ्यांत भरेल, या वर्षी कायम होईल. मी आत आलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो लगेच उठला गं. कुठं, कशाला, काही विचारलं नाही त्यानं."

"टाकीत उतरवतील हे माहीत होतं?"

"नाही. पण मीही विचारलं नाही. चेअरमनना मी कधीच काही विचारलं नाही जयू, इतकी वर्षं. तिथं खुर्ची मिळाली याचंच एवढं वाटायचं."

"आणि नंतर? पोराला चोर म्हणाले तेव्हा?"

"चेअरमन म्हणाले, गुरुजी, फोन तुम्ही घेतला, पोरगं तुम्ही पाठवलं, पहिले तुम्ही आत जाल. वस्तीतली बाकीची पोरंही कामावर आहेत, त्यांचं बघा."

"यातलं कशानं गप्प बसलात? खरं सांगा."

आबांनी मान खाली घातली. "आधी भीती वाटली. पोरांचं नंतर सुचलं, बरं कारण म्हणून."

चेअरमनचा मला राग होता, आणि त्या रागाला तरी जागा होती. आबांच्या समोर उभी राहून मात्र मला कुठं जावं तेच कळेना. ज्यानं मला प्रश्न विचारायला शिकवलं, वकील हो म्हणून नगरला धाडलं, तो माणूस एका फोनपुढं मुका झाला होता. मी केरसुणी तिथंच टाकली.

"काकूला तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"माझ्यानं होणार नाही."

मग ते मीच सांगितलं.

६

सुमनकाकू ओरडली नाही. छाती पिटली नाही. मी बोलत होते तोवर ती सम्राटची पँट मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पोलिसांचं मला कायबी वाटलं न्हाई बघ. त्ये कवा आपले हुते? चेअरमन तर न्हाईच न्हाई. पर गुरुजी गं?"

आणि बराच वेळ ती तेच म्हणत राहिली. गुरुजी गं?

भाद्रपद पौर्णिमेला ती नेहमीसारखी विहारात आली आणि नेहमीच्या जागी बसली. मीही होते. वंदना झाली. आबांनी ध्यानाला सांगितलं, वस्तीनं डोळे मिटले. काकूनं मिटले नाहीत. ती आबांकडं बघत राहिली. रागानं नव्हे, नुसती बघत राहिली. तिच्या शेजारच्या बाईला कसं कळलं कोण जाणे, तिनंही डोळे उघडले. मग तिच्या मागच्या म्हातारीनं. वस्तीला तोवर कुणकुण लागलेलीच होती. हळूहळू सगळं विहार उघड्या डोळ्यांनी माझ्या बापाकडं बघत बसलं.

आबांचा हात घंटीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्यांना ती उचलता आली नाही. लोक आपापले उठून घरी गेले.

७

त्यानंतरच्याच आठवड्यात कारखान्याची वार्षिक सभा होती. मोठा मांडव, व्यासपीठावर संचालक ओळीनं, मधोमध काकासाहेब. आमच्याकडं या सभांची एक रीत आहे. चेअरमन विषय वाचतात, मांडव "मंजूर! मंजूर!" ओरडतो आणि पाच-दहा मिनिटांत सगळे जेवायला मोकळे होतात. काय मंजूर झालं, हे घरी गेल्यावर कोणी विचारत नाही.

पहिला विषय दुखवट्याचा. वर्षभरात गेलेल्या मोठ्या माणसांची नावं काकासाहेबांनी वाचली. पुढारी, नट, कोणकोण. सुमनकाकू मांडवाच्या बाहेर, दोरीपलीकडं माझ्याजवळ उभी होती. सभासद नसलेल्यांना आत जागा नव्हती.

"एक नाव राहिलं," व्यासपीठावरून आवाज आला. आबा उभे राहिले होते.

"गुरुजी, नंतर," काकासाहेब हसून म्हणाले.

आबांनी माईक ओढून घेतला. "सम्राट. आपल्याच कारखान्याचा कामगार. तो चोर नव्हता. प्यायलेला नव्हता. या चेअरमननी मला फोन करून माणूस मागितला आणि मी त्याला..."

माईक बंद झाला. पण आबांनी उभी हयात पोरांचे वर्ग सांभाळलेत, त्यांना माईक लागत नाही. "मी त्याला पाठवला. पंखा बंद असताना यांनी त्याला टाकीत उतरवला. आणि आम्ही दोघं गप्प बसलो."

मांडवातले निम्मे तरी आबांचे विद्यार्थी असतील. कामगारांच्या रांगेतून हनुमंत उभा राहिला, एकटाच. "खरं हाय. मी हुतो तिथं."

काकासाहेबांनी दुसरा माईक घेतला. त्यांचा आवाज किंचितही हलला नाही. "गुरुजींची तब्येत बरी नाही, त्यांना घरी पोचवा. तर मंडळी, दुखवट्याचा ठराव. मंजूर?"

आणि मांडवानं ओरडून उत्तर दिलं, "मंजूर! मंजूर!"

मुद्दाम नव्हे हो. सवयीनं. हेच जास्त लागलं.

काकूनं माझा हात घट्ट धरला. "काय मंजूर केलं गं त्येंनी?"

मी तिला घेऊन मांडवापासून दूर निघाले.

दुपारी आमच्याच घरात मी आबांचा जबाब लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी तो हनुमंतच्या जबाबासोबत कोर्टात जायचा होता आणि हे प्रकरण माझ्या हातून दुसऱ्या वकिलाकडं. बापाविरुद्ध बापाच्या लेकीनं उभं राहायचं नसतं, कायदाही एवढं जाणतो. आई आत होती, काकू ओट्यावर बसली होती. बोलणं तिला ऐकू जात होतं.

"आरोपीत माझं नाव आधी लिही," आबा म्हणाले.

"नाही आबा. आधी चेअरमनचं. तुम्ही पुढं उभे राहिलात की ते मागं लपतात. इतकी वर्षं तेच झालं. तुमचं दुसरं."

त्यांनी मान हलवली. मी कोणत्याही परक्या माणसाला विचारते तसं विचारू लागले. पूर्ण नाव. वय. धंदा. ते शाळेत हजेरी देणाऱ्या मुलासारखे एकेक उत्तर देत गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी कागदावर पडत होतं आणि मी ते बाहीनं टिपत पुढं लिहीत होते.

"मयताला कधीपासून ओळखत होतात?"

"जन्मल्यापासून. त्याचं नाव मीच ठेवलं." आबा ओट्याकडं बघत होते. "नामकरणाच्या दिवशी सुमनबाई म्हणाली होती, गुरुजी, गरिबाच्या पोराला एवढं मोठं नाव, पेलंल का त्याला? मी म्हणालो होतो, काळजी कशाला करतेस, मी आहे ना."